अंडाशयाचा पसरलेला कॅन्सर: आधी ऑपरेशन की आधी केमो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईच्या परकराची नाडी आखूड पडायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "वजन वाढलं गं माझं." हातपाय मात्र काटक्या झाले होते. दोन महिने गॅसच्या गोळ्या झाल्या. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि दोन्ही अंडाशयांवर गाठी. तिच्या आजारपणात मी जे प्रश्न डॉक्टरांना विचारले, आणि जे विचारायचे सुचलेच नाहीत, ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आई गेल्यानंतर आठवड्यातून एक दिवस मी कॅन्सरच्या ओपीडीत नातेवाइकांना फायली लावून द्यायला बसते. तिथे हेच प्रश्न दर वेळी कानावर येतात. मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटचा निर्णय तिचे डॉक्टरच घेतील. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी हे वाचलेलं असेल, तर त्या दहा मिनिटांत नेमकं विचारता येईल.

डॉक्टर म्हणाले, "आधी केमो देऊ." म्हणजे आता ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नाही का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी मनातून काढा. पसरलेल्या आजारात, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजला, उपचाराच्या दोन वाटा आहेत. एकीत आधी मोठं ऑपरेशन आणि मग सहा केमो. दुसरीत आधी तीन केमो, मग ऑपरेशन आणि मग उरलेल्या तीन. औषधं तीच, ऑपरेशनही तेच, फक्त क्रम वेगळा. 'आधी केमो'चा अर्थ 'फक्त केमो' असा नसतो. तरीही त्याच बैठकीत स्पष्ट विचारून घ्या: "ऑपरेशन साधारण कधी धरायचं?" उत्तर मिळालं की ते फाइलवर लिहून ठेवा.

मग दोन्हींपैकी चांगलं कोणतं? खरं सांगा.

जगभरातल्या डॉक्टरांचा यावर गेली पंधरा वर्षं वाद चालू आहे, तेव्हा एका ओळीत उत्तर देणं अप्रामाणिकपणाचं होईल. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी नियम सरळ होता: आधी कापा, मग केमो. 2010 मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजार खूप पसरलेल्या 670 बायका होत्या. निम्म्यांचं ऑपरेशन आधी झालं, निम्म्यांना केमो आधी मिळाली. पहिल्या गटाचं मध्यमान आयुष्य, म्हणजे निम्म्या बायका ज्याहून जास्त जगल्या तो काळ, 29 महिने आलं, दुसऱ्याचं 30. म्हणजे फरक नाहीच. पण ऑपरेशननंतर लगेच दगावण्याचं प्रमाण आधी ऑपरेशन झालेल्यांत शंभरात अडीच होतं आणि आधी केमो घेतलेल्यांत एकाहूनही कमी. 2015 मध्ये ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या 550 बायकांच्या अभ्यासातूनही तेच निघालं: 22.6 महिने आणि 24.1 महिने.

त्यावर अनुभवी सर्जननी आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. या अभ्यासांत आधी ऑपरेशन झालेल्या बऱ्याच बायकांच्या पोटात आजार शिल्लक राहिला होता. अर्धवट काम झालं असेल तर ऑपरेशनचा फायदा दिसणार कसा? म्हणून पुढचा मोठा अभ्यास निवडक रुग्णालयांत झाला. वर्षाला अशी किमान 36 ऑपरेशनं करणारी आणि त्यातली निम्मी तरी पूर्ण साफ होणारी केंद्रंच त्यात घेतली. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. आधी ऑपरेशन झालेल्यांचं मध्यमान आयुष्य 54.3 महिने, आधी केमो झालेल्यांचं 48.3. आकडा मोठा दिसतो, पण हा फरक योगायोगाचा नाही असं शास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता आलं नाही. आजार पुन्हा उलटेपर्यंतचा काळ मात्र आधी ऑपरेशन झालेल्यांत थोडा जास्त होता, आणि तो फरक कसोटीला उतरला.

हे सगळं वाचून मी एवढंच समजले आहे: बाई धडधाकट असेल, आजार पूर्ण काढता येईल असं दिसत असेल आणि सर्जन यातला मुरलेला असेल, तर आधी ऑपरेशन. यातलं एक जरी डळमळीत असेल, तर आधी केमो. या दुसऱ्या वाटेने जाणारी बाई काही गमावते आहे असं समजून रात्ररात्र जागू नका.

आणि मध्यमान म्हणजे मुदत नव्हे. 48 महिने मध्यमान म्हणजे निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या.

आमच्या पेशंटचं कोणत्या वाटेने करायचं हे डॉक्टर ठरवतात कसं?

दोन गोष्टी बघतात: पोट आणि माणूस. सीटी स्कॅनमध्ये आजार कुठे कुठे चिकटला आहे ते दिसतं. लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्याच्या मुळाशी, लिव्हरच्या आत खोलवर किंवा आतड्यावर सगळीकडे मोहरीसारखे दाणे पसरलेले असतील, तर ते एका बैठकीत निघत नाहीत. सीटीत बारीक दाणे नेहमी दिसतातच असं नाही. म्हणून कधी कधी आधी दुर्बिणीतून पोटात पाहतात. हा फुकटचा खर्च नव्हे. त्यामुळे पोट उघडून तसंच बंद करण्याची वेळ टळू शकते.

माणूस म्हणजे तिचं वय, हृदय, छातीतलं पाणी, रक्तातलं अल्ब्युमिन, आणि ती स्वतःच्या पायांनी किती चालते. तपासणीच्या खोलीत आईला खुर्चीतून उठताना डॉक्टरांनी नुसतं पाहिलं. नंतर कळलं, तीही तपासणीच होती.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय काढतात? सहा-सात तास का लागतात?

कारण ही 'गाठ काढणं' नव्हे. दोन्ही अंडाशयं, नलिका, गर्भपिशवी आणि आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा, ज्याला डॉक्टर ओमेंटम म्हणतात, एवढं तर निघतंच. शिवाय पोटाच्या अस्तरावरचे दाणे, श्वासपटलाखालचे डाग, गरज पडली तर आतड्याचा तुकडा, क्वचित प्लीहा. डोळ्यांना दिसेल असं काहीही मागे ठेवायचं नाही, हे ध्येय. ऑपरेशननंतर सर्जनला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: "मागे काही राहिलं का?" 'काही नाही' हे सगळ्यात चांगलं उत्तर. त्याखालोखाल 'एक सेंटिमीटरपेक्षा कमी'. हे उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे ना, ते घरी निघण्याआधी बघून घ्या.

लिम्फच्या गाठींबद्दल, म्हणजे शरीरात मुळातच असलेल्या लसिका ग्रंथींबद्दल, पुष्कळ जण विचारतात. आधी ऑपरेशन होणाऱ्या बायकांचा, 647 जणींचा, एक अभ्यास 2019 मध्ये आला. दिसायला आणि हाताला नीट असलेल्या लिम्फ गाठी काढून त्यांचं आयुष्य वाढलं नाही, त्रास मात्र वाढला. त्यामुळे "गाठी काढल्याच नाहीत" म्हणून सर्जनवर संशय घेऊ नका. मोठ्या झालेल्या गाठींची गोष्ट वेगळी.

आतडं जोडावं लागलं तर काही काळ शौचाची पिशवी पोटावर लावावी लागू शकते. हे आधी सांगितलेलं नसेल, तर शुद्धीवर आलेल्या बाईला फार मोठा धक्का बसतो. म्हणून आधीच विचारा आणि तिलाही सांगा.

"हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो" म्हणतात. मग बायोप्सी करायची कशाला?

आपल्याकडे आजी-काकूंपासून सगळे हे म्हणतात. बरेचदा घडतं असं की आजार आधीच पसरलेला असतो, पोट उघडल्यावर तो दिसतो आणि दोष सुरीवर जातो. इथे एक बारकावा मात्र खरा आहे. गाठ अंडाशयापुरतीच असेल आणि आत पाणी असेल, तर तिच्यात सुई टोचत नाहीत. ती न फोडता अख्खी काढतात, कारण फुटली तर पेशी पोटात सांडू शकतात. पण आजार आधीच पोटभर झाला असेल, तर चरबीच्या पडद्यातून सुईने तुकडा घेणं योग्यच आहे. तो तुकडा तपासल्याशिवाय केमो सुरू करणं म्हणजे अंधारात बाण मारणं. पोटातला टीबीही हुबेहूब असाच दिसू शकतो: पाणी, गाठी, वाढलेलं सीए-125 (या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारा रक्तातला पदार्थ), सगळं तेच. आपल्या देशात टीबी किती आहे हे तुम्हाला माहीत आहेच.

पण हिची पिशवी तर दहा वर्षांपूर्वीच काढली. मग अंडाशयाचा कॅन्सर कसा?

ग्रामीण महाराष्ट्रात कमी वयात पिशवी काढलेल्या बायका पुष्कळ आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची ही व्यथा 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेली होती. पिशवी काढताना अंडाशय ठेवलेले असू शकतात, आणि कमी वयात ते ठेवणं बरोबरही असतं. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. शिवाय या कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार बऱ्याचदा नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो. क्वचित पोटाच्या अस्तरातूनही होतो. नाव काहीही असलं तरी उपचाराची वाट हीच.

केमोमध्ये काय देतात? किती दिवसांनी?

बहुतेकींना दोन औषधं मिळतात, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, सलाइनमधून, दर 21 दिवसांनी. पहिल्याला साधारण तीन तास, दुसऱ्याला तासभर. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती काम करते यावरून काढतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट दर वेळी मागतात. दोन-तीन आठवड्यांत केस जातात. आईने ते आदल्या दिवशी स्वतःच कापून घेतले आणि वेणी कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. हातापायांना मुंग्या येत असतील तर त्या सांगा, सहन करत बसू नका.

ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता असला तरी त्याच वेळी दवाखाना.

तीन केमोनंतर सीए-125 पार उतरलं. आता ऑपरेशन कशाला?

हा प्रश्न मी आईसाठी स्वतः विचारला होता. आकडा हजाराच्या घरातून 35 च्या खाली आला होता, ती भाकरी खात होती आणि पोट सपाट झालं होतं. घरात सगळे म्हणाले, "कशाला आता कापाकापी?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आकडा उतरला याचा अर्थ औषध लागू पडलं, आजार संपला असा नाही. ऑपरेशनमध्ये चरबीचा जो पडदा निघाला, तो नुसत्या डोळ्यांना जून चामड्यासारखा दिसत होता. त्यात जिवंत पेशी होत्या, हे रिपोर्टने सांगितलं. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी अशाच कोपऱ्यात तग धरतात आणि पुढे त्याच वाढतात. आकडा उतरणं हा ऑपरेशन टाळायचा नव्हे, तर करायचा मुहूर्त आहे.

सीए-125 चा प्रत्येक रिपोर्ट जपा. पहिल्या शंभर दिवसांतल्या किमान तीन आकड्यांवरून केमो किती चांगली लागू पडते आहे याचा हिशेब डॉक्टर मांडू शकतात. मधला एक कागद हरवला की तो हिशेब अडतो.

सहाच्या सहा केमो आधी घेऊन मग निवांत ऑपरेशन केलं तर?

ज्यांना तीन केमोनंतर ऑपरेशन होण्यासारखं आहे, त्यांनी उगाच थांबू नये. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनी 2025 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनातही तीन-चार सायकलींच्या आसपास ऑपरेशन व्हावं असंच सांगितलं आहे. कधी तीननंतरही आजार निघण्यासारखा नसतो किंवा पेशंट सावरलेली नसते. मग आणखी काही केमो देऊन पुन्हा तपासतात. तो वैद्यकीय निर्णय झाला. पण बेड मिळाला नाही, तारीख मिळाली नाही, कोणी विचारलंच नाही, म्हणून चौथी, पाचवी, सहावी होत जाणं हे मी ओपीडीत वारंवार पाहते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तुम्ही दुसऱ्या केमोच्या दिवशीच सर्जनची भेट मागून घ्या. तिसरीनंतर सीटी, आणि तारीख तेव्हाच.

शेवटच्या केमोपासून ऑपरेशन किती दिवसांनी? आणि ऑपरेशननंतर पुढची केमो?

केमोनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी ऑपरेशन. तोवर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स भरून येतात. बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन चालू असेल तर ते ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद करतात, कारण त्याने जखम भरायला वेळ लागतो. ते चालू आहे हे सर्जनला माहीत आहे ना, ते एकदा तोंडाने विचाराच. ऑपरेशननंतर जखम भरत आली की पुढची केमो, शक्यतो चार ते सहा आठवड्यांच्या आत.

मधेच दिवाळी आली, पुतणीचं लग्न आहे. थोडं पुढे ढकललं तर चालेल?

चार-पाच दिवस इकडे तिकडे झाले तर डॉक्टर सहसा हो म्हणतात, त्यांना मोकळेपणाने विचारा. पण 'लग्न झाल्यावर बघू', मग 'सुगी झाल्यावर बघू' असं करत महिना निघून जातो. केमो आणि ऑपरेशनच्या मधली ती फट आजाराला आयती मिळते. लग्नाला ती केमोच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊ शकते. त्या आठवड्यात अंगात बरीच तरतरी असते.

गावाकडे "उघडून पाहिलं आणि बंद केलं". आता पुढे काय?

आमच्याकडे हेच झालं. तालुक्याच्या एका छोट्या रुग्णालयात 'साधी गाठ आहे' म्हणून पोट उघडलं, आत बघितलं आणि शिवलं. टाके भरायला पाच आठवडे गेले, पोटात पुन्हा पाणी झालं. तरी वाट बंद झाली नव्हती. आईला तीन केमो दिल्या, मग मोठ्या केंद्रात सात तासांचं ऑपरेशन झालं, मागे काही राहिलं नाही. त्यानंतर ती साडेचार वर्षं जगली. त्यातली तीन वर्षं तर ती शेतावर जात होती.

पोटात पाणी, अंडाशयावर गाठ आणि वाढलेलं सीए-125 असं एकत्र दिसलं, तर पहिलंच ऑपरेशन स्त्रियांच्या कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे व्हायला हवं. "तुम्ही वर्षाला अशी किती करता?" हे विचारणं उद्धटपणा नव्हे.

ऑपरेशनमध्ये पोटात गरम केमो देतात म्हणे?

त्याला हायपेक म्हणतात. 2018 मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला. तिसऱ्या स्टेजच्या 245 बायकांना आधी तीन केमो देऊन मग ऑपरेशन केलं, आणि निम्म्यांच्या पोटात ऑपरेशनच्या वेळी गरम सिस्प्लॅटिन फिरवलं. त्यांचं मध्यमान आयुष्य 45.7 महिने आलं, नुसतं ऑपरेशन झालेल्यांचं 33.9. फायदा दिसला, पण सगळ्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही. खर्च मोठा आहे आणि किडनी धडधाकट लागते. आजार मागे ठेवून वरून गरम केमो देण्याला अर्थ नाही. यासाठी जमीन गहाण टाकायच्या आधी दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत घ्या.

काढे, भस्म, गोमूत्र सोबत चालेल का?

केमोच्या काळात नको. लिव्हर आणि किडनीवर काय परिणाम होईल ते सांगता येत नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

ऑपरेशनच्या आधीच्या तीन आठवड्यांत घरी काय करायचं?

खाऊ घाला. अंडी, मासे, डाळी, मटकी, पनीर, दूध, जे उतरेल ते. एकादशी-चतुर्थी या वर्षी देवाला सांगून सोडा. सकाळ-संध्याकाळ चालवा, अंगणात का होईना. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायची नळी आणा आणि रोज सराव करून घ्या. ऑपरेशननंतर छातीत कफ साठू नये म्हणून ती लागते. आणि मिश्री बंद. आईने चाळीस वर्षं मिश्री लावली होती. डबी तिने स्वतःच उंबऱ्याबाहेर ठेवली, पण आठवडाभर बोट दातांकडे जायचं. एक पाय सुजला, पोटरी दुखली किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. लगेच दाखवा.

बीआरसीए तपासणी आत्ताच का सांगतात?

कारण निकाल यायला काही आठवडे लागतात आणि तो केमो संपेपर्यंत हातात असावा लागतो. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या आणि केमोला दाद दिलेल्या बायकांना पुढे ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा मोठा फायदा होतो. एका अभ्यासात सात वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांतल्या शंभरात 67 हयात होत्या, न घेणाऱ्यांत 46 ते 47. शिवाय हा दोष मुला-मुलींकडे जाऊ शकतो. माझी तपासणी मी दोन वर्षं टाळली. तुम्ही टाळू नका.

पैशांचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो दोन्ही येतात, पण योजनेतल्या रुग्णालयातच. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल शोधा. ऑपरेशनला मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून कागद तिसऱ्या केमोच्या वेळीच द्या. मंजुरी रखडली म्हणून तारीख गेली, असं व्हायला नको. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच बघा. गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.

तिला सांगायचं का? ती घाबरेल.

आम्ही आईला 'पाण्याचा आजार' सांगितला होता. दुसऱ्या केमोला शेजारच्या खुर्चीतल्या बाईने विचारलं, "तुमची कोणती स्टेज?" आई माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर ती रडली नाही, रागावली. म्हणाली, "पोट माझं, आणि ठरवताय तुम्ही?" त्या रात्री मी तिला कागदावर काढून दाखवलं: तीन रेघा, मग एक फुली, मग तीन रेघा. तो कागद तिने देव्हाऱ्याच्या मागे खोचला आणि प्रत्येक केमोनंतर एकेक रेघ स्वतः खोडत गेली.